शेजारणीनं सांगायचं नाव

शिकागो, ५ फेब्रुवारी १९७९

सन्माननीय मिस लुंडग्रेन यांस,

आपणास कळविण्यास आनंद होतो की, थॉर्प अँड मेलिश जाहिरात कंपनीस येत्या सप्टेंबरात पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या निमित्ताने कंपनीचा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध होणार असून तो लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. एके काळी आपणही येथे

हे मला जमायचं नाही, आर्डिस. बावीस वर्षांनी तुला ‘आपण’ म्हणायला माझी बोटं तयार नाहीत, आणि तू वाचून हसशील तेही मला चालायचं नाही. म्हणून सरळच लिहिते.

जुन्यांपैकी मी एकटीच उरले आहे. धाकटे मेलिश साहेब, म्हणजे मूळ मेलिशांचा नातू रॉजर, मला बोलावून म्हणाला, “मिस गोराल, इतिहास तुम्हीच लिहा. नाहीतरी तुम्ही या इमारतीत फर्निचरबरोबरच आलात.” मी म्हटलं, “फर्निचर दोनदा बदललं साहेब, मी तीच आहे.” तो हसला. हा पोरगा हसतो चांगलं, काम काही कळत नाही.

दहा प्रकरणं झाली आहेत. बाजार कोसळायच्या महिनाभर आधी दोन मित्रांनी कंपनी काढली, हे पहिलं. कंपनीची पहिली जाहिरात चुलीच्या काळ्या पॉलिशची होती, हे मलाही आत्ता कळलं. मग रेडिओची वर्षं. दुपारच्या रडक्या मालिका साबणवाल्यांसाठी इथूनच लिहून जायच्या. मग युद्ध, मग टीव्ही. सगळं सुरळीत चाललं होतं. अकराव्या प्रकरणाशी येऊन घोडं अडलं आहे, आणि ते का अडलं हे तुला सांगायला नको.

‘आज मी दमले आहे. आज सूप.’

रॉजरला पुस्तकात प्रत्येक गाजलेल्या ओळीखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं आहे. पन्नास वर्षांत कंपनीनं कुणाचं नाव कधी छापलं नाही, आता हौस आली आहे. आणि नाव घालायचं तर थॉर्प साहेबांच्या जुन्याच नियमानं घालायचं, असं त्याच्या डोक्यात भरलं आहे. तू विसरली नसशील, पण पुस्तकासाठी मी तो असा लिहिला आहे:

‘मुलींच्या खोलीत सहा टेबलं होती. मोटारी, बिअर आणि टायर वरच्या मजल्यावरच्या पुरुषांकडे. साबण, सूप, मोजे आमच्याकडे. गुरुवारी संध्याकाळी प्रत्येकीनं आपापल्या ओळी पिवळ्या कागदावर टाइप करून भिंतीवरच्या बोर्डाला टाचायच्या, नाव न घालता. शुक्रवारी दहा वाजता थॉर्प साहेब लाल खडू घेऊन येत. जी ओळ आवडेल तिच्यावर फुली मारून विचारत, “कोणाची?” आपली ओळ आपण सांगायची नाही. बढाईखोर माणसं त्यांना खपत नसत. शेजारच्या टेबलावरचीनं सांगायचं. शेजारणीला सगळं माहीत असतं, असं ते म्हणत.’

तू माझी शेजारीण होतीस. तुझं नाव मी सांगितलं होतं. आता रॉजरला ते तुझ्या सहीनिशी हवं आहे. ओळ तुझीच ना, एवढंच लिहून पाठव. त्याहून जास्त लिहावंसं वाटलं तर तेही लिही. मी वाट बघते आहे.

बर्निस गोराल

शिकागो, २० फेब्रुवारी १९७९

आर्डिस,

तुझं कार्ड मिळालं. ‘तुला योग्य वाटेल ते नाव घाल. हिवाळा फार आहे का तिकडे?’

हिवाळा फार आहे. अजून गल्लीत कंबरेएवढं बर्फ आहे, आणि आपापली गाडी लावायची जागा राखायला लोकांनी रस्त्यावर स्वयंपाकघरातल्या खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. शेजारच्या म्हाताऱ्यानं तर इस्त्रीचं टेबल मांडलं आहे. झालं समाधान?

‘तुला योग्य वाटेल ते नाव.’ किती मोठ्या मनाची तू! पाच शब्दांत मला लहान करून मोकळी झालीस. याच गोष्टीनं माझं डोकं तेव्हाही फिरायचं. तू नेब्रास्कातून आलीस तेव्हा तुझ्या कोटाला मक्याच्या कोठाराचा वास होता, आणि सहा महिन्यांत थॉर्प साहेब लिफ्टमध्ये तुझ्यासाठी दार धरून उभे राहायला लागले. मी चार वर्षं आधी आलेली. माझ्या तोंडावर ते दार दोनदा बंद झालं. तू कुणाशी भांडली नाहीस, कुणाचं वाईट बोलली नाहीस. तुझ्यावर जळायला काही कारण तरी द्यायचं होतंस.

स्पष्टच सांगते. मी तुझ्यावर जळत होते. अजून जळते. तू न्यूयॉर्कला गेलीस, मासिकात तुझा फोटो आला, पाठीमागे मोठी खिडकी, भिंतीवर बक्षिसांच्या पाट्या. तो फोटो मी दंतवैद्याकडे बघितला, आणि माझी पाळी आली तरी उठले नाही. तिथल्या बाईनं तीनदा हाक मारली. शेवटी ते पान फाडून पर्समध्ये घातलं आणि दाढ न काढताच घरी आले.

आणि तुझी ओळ चांगली होती म्हणून मी जळत नाही, आर्डिस. चांगल्या ओळी मीही लिहिल्या. त्या ओळीत माझं घर होतं म्हणून जळते. कत्तलखान्यात सव्वीस वर्षं ओल्या फरशीवर उभी राहून माझ्या आईचे पाय गेले होते, हे त्या खोलीत तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? ती डब्यातलं सूप बघितलं की कपाळाला हात लावायची. “आपल्याकडे काय मेलंय कोण, डबे फोडायला?” म्हणायची. म्हणून मी चोरून डबा उघडायची, वर शेपू चिरून घालायची आणि ताजं केलंय म्हणून वाढायची. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणून टाकायची. हे मी तुला सांगितलं, हसत हसत, जेवणाच्या सुट्टीत. आणि आठवड्याभरात भिंतीवर ती ओळ! माझं दमणं उचलून तू टाचणीला लावलंस.

म्हणून मला तुझं ‘योग्य वाटेल ते’ नको. मला हे हवं आहे: ‘ओळ मी लिहिली, पण ती बर्निसच्या घरातून उचलली.’ एवढं लिहून सही कर. मी ते छापीन. अर्धी तरी माझी होऊ दे.

बर्निस

शिकागो, ४ मार्च १९७९

आर्डिस,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण गेल्या पत्रात मी तुला चोर म्हटलं, आणि तेव्हापासून चर्चमध्ये बसले की मला माझाच उजवा हात दिसतो. तेव्हा तेही सांगून टाकते. तुला बहुतेक माहीत नाही.

त्या शुक्रवारी मी आठलाच आले होते. आईनं पहाटे उठवलं होतं, परत झोपून उपयोग नव्हता. खोलीत कुणी नव्हतं. कोट न काढता भिंतीपाशी गेले. माझ्या ओळी बघितल्या. ‘आजीच्या हातची चव, आता डब्यात.’ ‘चमचाभर प्रेम.’ असल्या. आणि त्यांच्या शेजारी चार बोटं रुंदीची एक पिवळी पट्टी. आज मी दमले आहे. आज सूप.

इतकी वर्षं आपल्या जाहिरातींतल्या बायका गुडघे टेकून फरशी पुसायच्या आणि वर हसायच्या. एकीनंही कधी दमले म्हटलं नव्हतं. मला एकदम कळलं की हे आजवर कुणी केलेलं नाही, आणि हे तू केलंस, आणि आता मी जन्मभर ‘चमचाभर प्रेम’ लिहीत बसणार.

मी ती पट्टी ओढून काढली. टाचणी तशीच राहिली. पट्टी कोटाच्या खिशात घातली आणि जागेवर जाऊन बसले. मला फार बरं वाटत होतं.

दहा वाजता थॉर्प साहेब आले. मी मान वर केली, तर पट्टी परत भिंतीवर! नवा, आख्खा कागद, तेच शब्द. साहेब त्याच्यासमोर थांबले. खडू हातात तसाच. म्हणाले, “हे काय? तक्रार करतेय ही बाई.” कोपऱ्यातल्या टेबलावरची व्हेल्मा म्हणाली, “मग काय, खोटं बोलतेय का?” सगळ्या हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी एवढी मोठी फुली मारली की खडू मोडला. “कोणाची?”

तू माझ्याकडे बघितलंस. तुझं तोंड उघडं होतं. मला वाटलं, बघा, हिला दम निघत नाही, मी कधी हिचं नाव घेते याची वाट बघतेय. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मी मोठ्यानं म्हटलं, “आर्डिसची! अजून कोणाची असणार? खोलीतल्या सगळ्या चांगल्या गोष्टी आर्डिसच्याच असतात.”

टोमणा होता तो. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी नदीच्या पुलावर बस बदलताना मी खिशातली पट्टी पाण्यात टाकली. तर ही मी. चोर तू, आणि दरवडेखोर मी. आता तरी सही करशील?

बर्निस

शिकागो, १५ मार्च १९७९

आर्डिस,

तुझं पाकीट सोमवारी आलं. आज गुरुवार आहे. तीन दिवस मी ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं आहे. एकतीस वर्षांतली आजारपणाची पहिली रजा.

आतला घडी घातलेला पिवळा कागद मी आधी बाजूला ठेवला, तुझं पत्र वाचलं. तू लिहितेस:

‘बर्निस, ओळ माझी नाही. तुझी आहे. तू रोज सकाळी बोटं गरम व्हावीत म्हणून काहीबाही टाइप करायचीस, आणि न वाचता चोळामोळा करून टोपलीत टाकायचीस. आपली टोपली एकच होती. मी ते कागद काढून वाचायचे. आधी गंमत म्हणून, मग शिकायला. त्या गुरुवारच्या कागदात वरतीच ती ओळ होती. मी कात्रीनं तेवढी पट्टी कापली आणि तुझ्या ओळींशेजारी लावली. मला वाटलं, शुक्रवारी साहेब विचारतील तेव्हा मी तुझं नाव सांगेन आणि तुझा चेहरा बघेन. सकाळी पट्टी गायब. ती तूच काढलीस हे मला तेव्हाच कळलं; तुझ्या कोटाच्या खिशातून पिवळं टोक दिसत होतं. वाटलं, घरचं भिंतीवर आलं म्हणून तुला लाज वाटली असेल. पण ओळ इतकी चांगली होती की मला राहवेना. पुन्हा टाइप करून लावली. साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडलं, आणि तू माझ्या आधी बोललीस.

‘मी त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. टाळ्या थांबल्यावर म्हणते असं ठरवलं. टाळ्या थांबल्या आणि मी म्हटलं नाही. मग स्वतःला समजावलं की तू ती मला दिलीस, आईचं नाव बाहेर नको म्हणून. असं समजणं फार सोयीचं होतं. त्या ओळीवर मी न्यूयॉर्कला आले. इथे सगळे माझ्या दुसऱ्या ओळीची वाट बघत राहिले. ती आली नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ओळी निवडत बसले आणि तुझी आठवण काढून जळत राहिले. एक बाई असल्या ओळी टोपलीत टाकून वर ‘चमचाभर प्रेम’ लिहिते! तुझ्या चोर म्हणण्यात चूक नाही, फक्त मुद्देमाल तू म्हणतेस त्याहून मोठा आहे.

‘आता थॉर्प साहेबांच्या नियमानं, शेजारीण म्हणून सांगते. कोणाची? बर्निसची. खाली सही केली आहे.’

मग मी पिवळा कागद उलगडला. वरची पट्टी कापलेली. खाली माझंच सगळं:

‘आईच्या पायाची पट्टी दोनदा बदलली. शेपू संपला. बस आज सोळा मिनिटं उशिरा, ड्रायव्हर मेला गात होता. आर्डिसची नवी टोपी हिरवी आहे. तिला शोभते. तिला सगळंच शोभतं. तिचं नाक गळू दे. आता कामाला लाग.’

हे तू वाचलं होतंस! टोपीचंही, नाकाचंही. वाचून मग कात्री घेतलीस.

मी स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं शिव्या दिल्या. आधी तुला, मग मला, मग परत तुला. ‘टाळ्या थांबल्यावर म्हणते’ म्हणे! बावीस वर्षं टाळ्या थांबल्या नव्हत्या का? एक फोन? नाताळचं कार्ड? मी तुझ्या नावानं दाढ ठणकवत बसले, आणि तू न्यूयॉर्कमध्ये माझा कागद कपाटात जपून ठेवलेला!

पण सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. ती जाहिरात पहिल्यांदा रविवारच्या पुरवणीत आली तेव्हा आईनं ती कापून फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. तिला इंग्रजी धड येत नव्हतं; मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, “ही कोण गं लिहिणारी? हिला माझा पाय माहीत आहे.” मी म्हटलं, “आर्डिस. माझ्या शेजारी बसते.” म्हणाली, “गुणाची पोर आहे. जेवायला आण तिला एकदा.” मी रागानं भांडी आपटली. एकसष्टात ती गेली तोवर तो कागद तिथेच होता, तेलकट होऊन पिवळा पडलेला. मी रोज त्याच्याकडे पाठ करून चहा करायची.

आईनं लेकीचं कौतुक केलं आणि लेकीनं ते शेजारणीच्या पदरात घातलं, स्वतःच्या तोंडानं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. याचा दोष मला तुझ्यावर ढकलता येत नाही, आणि ढकलता आला असता तर किती बरं झालं असतं.

ब.

शिकागो, २६ मार्च १९७९

आर्डिस,

तुझी सही रॉजरला दाखवली. सगळं सांगितलंही. तो खुर्चीत मागे रेलला, म्हणाला, “मिस गोराल, हे तर प्रकरण अकरा नाही, सिनेमा आहे. पण पुस्तकात एवढं कशाला? ओळीखाली तुमचं नाव घालू, काम संपलं. फाडलंबिडलं ते गाळा. पन्नाशीचं पुस्तक आहे, शोभेल असं लिहा.”

मी म्हटलं, “साहेब, या कंपनीत शोभेल असं मी एकतीस वर्षं लिहितेय.”

मग मी टेबलाशी जाऊन नाव टाइप केलं. लाजून नाही, संकोचून नाही. बर्निस गोराल. कागद काढला, भिंतीला लावला, चार पावलं मागे गेले आणि बघितलं. छान दिसतं गं. मी खोटं कशाला बोलू? मला ते नाव तिथे हवं होतं, आणि ते काढून तुला द्यायचा मोठेपणा माझ्यात नाही. तू परत ‘योग्य वाटेल ते’ म्हणू नकोस, म्हणून सांगते. नाव माझंच राहणार.

पण फाडलेलं मी गाळलं नाही. रॉजरशी दोन दिवस भांडले. शेवटी म्हणाला, “लिहा बाई, तुम्हाला आता कोण काढणार?” प्रकरण अकरात शुक्रवारची सगळी गोष्ट आहे. पट्टी कुणी कापून लावली, कुणी ओढून काढली, कुणी परत लावली, कोण आधी बोललं, आणि कोण मग बोललंच नाही. तुला तुझं शेवटचं आवडणार नाही. मला माझं मधलं आवडत नाही. छापखान्यात जाण्याआधीचा कागद सोबत पाठवते आहे. चुका असतील तर कळव; स्वतःला बरं दिसण्यासाठी काही बदलू नकोस, मी पण बदललेलं नाही.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होते, तर जमेना. कागद लिहून झाला, नाव मिळालं, तू कबूल केलंस, आणि जळणं जिथल्या तिथे. मला वाटलं होतं ओळ परत आली की ते थांबेल. काल दिवसभर मी शोधत होते, आता हे कशाचं आहे? टोपीचं नाही. खिडकीचं, बक्षिसांचं नाही. ती तुला मिळाली ती माझ्याच ओळीवर, त्यांचं काय एवढं.

मग सापडलं. मी तुझ्या नाकाला शाप दिला होता तो कागद तू वाचलास. मी फाडून नेलेली ओळ गेली म्हणून हळहळलीस, आणि बसून पुन्हा टाइप केलीस. दुसरीची ओळ. साहेब यायला थोडाच वेळ उरला होता, तुझ्या स्वतःच्या ओळी भिंतीवर होत्याच. नंतर तू गप्प राहिलीस ते राहिलीस. पण ती टाचणी तू दोनदा लावलीस.

मी तुझ्यावर अजून जळते, आर्डिस. तुझी अशी ओळ मला त्या टोपलीत सापडली असती, तर मी ती वाचली असती, पुन्हा चोळामोळा केली असती, आणि सगळ्यात खाली दाबून ठेवली असती.

बर्निस